जुन्या मिनी पीसीवर के३एस: बेळगावच्या पावसात आणि लाईटीत कसं चालतंय

तीन सेकंडहँड मिनी पीसी, एक रास्पबेरी पाय ४, एक जुना डेस्कटॉप आणि बेंगळुरूच्या डेटासेंटरमधला एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर), एवढ्या सामानावर आम्ही टिळकवाडीतल्या ऑफिसातून शहापूरच्या एका साडी दुकानाचं बिलिंग, निपाणीच्या एका व्यापाऱ्याचा गोदामाचा हिशेब आणि उद्यमबागच्या वर्कशॉपची जॉब कार्डं सांभाळतो, आणि डेटाबेस सोडला तर हे सगळं के३एस या प्रोग्राम चालू ठेवणाऱ्या सिस्टीमवर चालतंय. निकाल आधीच सांगतो, पाचात चार स्टार. आपल्या भागात दोन-तीन जणांची टीम घेऊन कोण सॉफ्टवेअर चालवत असेल त्यांनी नक्की बघावं. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करून घ्या, के३एस तुमचा प्रोग्राम वाचवतं, डेटा वाचवत नाही. हे न समजता लोकं क्लस्टर (एकत्र जोडलेली मशीन) उभं करतात आणि मग पहिलं मशीन बंद पडलं की क्लस्टर कशाला घेतलं म्हणत बसतात, म्हणून त्यावर पुढं जरा जास्तच लिहिलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुबरनेटिस म्हणजे गूगलनं २०१४ मध्ये ओपन सोर्स केलेली कंटेनर (लागणाऱ्या सगळ्या सामानासकट बांधलेला प्रोग्राम) सांभाळायची सिस्टीम, हा कंटेनर एवढ्या कॉप्यांमध्ये चालू पाहिजे असं आपण लिहून द्यायचं आणि तो पडला की उचलून परत उभा करायचं काम तिचं. मोठ्या कंपन्यांसाठी ठीक, पण अख्खं कुबरनेटिस सुटं सुटं बसवायचं म्हणजे लै भानगड आणि मशीनही दमदार पाहिजेत. रँचर लॅब्सनं २०१९ मध्ये त्याचंच हलकं रूप काढलं ते के३एस. पुढं २०२० मध्ये सुसेनं रँचर विकत घेतली आणि त्याच वर्षी के३एस सीएनसीएफ या ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या संस्थेकडं गेलं, लायसन्स अपाची आहे, त्यामुळं उद्या पैसे मागतील ही भीती मला तरी वाटत नाही. सगळा मिळून शंभर एमबीच्या आतला एकच बायनरी, त्यातच कंटेनर चालवणारं कंटेनरडी, मशीनमधलं नेटवर्क जोडणारं फ्लॅनेल, नावं शोधून देणारं कोअरडीएनएस, बाहेरून येणाऱ्या रिक्वेस्ट वाटून देणारा ट्रॅफिक नावाचा इनग्रेस आणि डिस्कसाठी लोकल पाथ प्रोव्हिजनर येतं. क्लस्टरची माहिती ठेवणाऱ्या एटसीडी या डेटाबेसच्या जागी डिफॉल्टला एका फाइलमधला एसक्यूलाइट, आणि छोट्या मशीनवर खरा फरक पडतो तो इथंच. इन्स्टॉल म्हणजे अधिकृत साइटवरची एका ओळीची कमांड, चहा यायच्या आत नोड (क्लस्टरमधलं मशीन) रेडी दिसतो.

आता मशीन कुठली घ्यायची. आम्ही बेंगळुरूच्या एसपी रोडवरून रिफर्बिश्ड घेतली, ऑफिसातनं लीजवर जाऊन परत आलेली, सहाव्या जनरेशनची आय५ टी सिरीज, ८ जीबी रॅम. एसएसडी मात्र नवीन टाकली, तिथं पैसे वाचवू नका. हे टी सिरीजचे प्रोसेसर ३५ वॅटचे आणि आपल्यासारख्या कामात त्याच्या निम्मंसुद्धा खात नाहीत, सरासरी १५ वॅट धरलं तर तिन्ही मशीनचे मिळून महिन्याला साधारण ३२ युनिट होतात. याच्या उलट क्लाउडवर ॲमेझॉनचं ईकेएस म्हणजे तयार कुबरनेटिस घेतलं तर नुसत्या कंट्रोल प्लेनचे (क्लस्टरचा कारभार बघणारा भाग) तासाला ०.१० डॉलर, म्हणजे महिन्याला ७२ डॉलरच्या आसपास, आणि त्यात तुमचा एकही कंटेनर अजून चालू झालेला नसतो, मशीनचं भाडं वेगळं. साडी दुकानदार महिन्याला आपल्याला देतो किती आणि त्यातनं हे द्यायचं किती, हिशेब बसतच नाही.

रास्पबेरी पायबद्दल लै जण विचारतात, विशेषतः जीआयटी आणि इतर व्हीटीयू कॉलेजची पोरं फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी. चालतंय, पण तीन गोष्टी बघा. एक म्हणजे बूट पार्टिशनमधल्या सीएमडीलाइन फाइलमध्ये मेमरी सीग्रुप (मेमरीवर मर्यादा घालायची लिनक्सची सोय) चालू करायचे दोन शब्द घालावे लागतात, नाहीतर के३एस सुरूच होत नाही, आणि शब्द त्याच ओळीत घालायचे, नवीन ओळ केली की गेलं. दुसरं, एसडी कार्डवर सर्व्हर नोड (कारभार बघणारं मशीन) ठेवू नका, के३एसचा डेटाबेस सारखा लिहीत असतो आणि कार्ड त्यात मरतं, यूएसबीला एसएसडी लावा. तिसरं, पायचा प्रोसेसर आर्मचा आणि मिनी पीसीचा इंटेलचा, त्यामुळं लॅपटॉपवर बिल्ड केलेली इमेज (कंटेनर ज्यातनं उभा राहतो ती फाइल) पायवर गेली की एक्झेक फॉरमॅट एरर देऊन पॉड (कुबरनेटिसमधला चालू कंटेनर) मरतो, डॉकरच्या बिल्डएक्सनं दोन्ही आर्किटेक्चरची इमेज करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. आता नवीन घ्यायचं झालं तर मी पाय घेणार नाही, त्याच पैशात थोडी भर घालून जुना मिनी पीसी येतो आणि त्यात एसएसडीची जागा, केस, पॉवर सप्लाय सगळं आलं.

रॅमबद्दल कंपनीचं डॉक्युमेंटेशन प्रामाणिक आहे, सर्व्हर नोडला किमान २ कोअर आणि २ जीबी, एजंटला (नुसते पॉड चालवणारं मशीन) १ कोअर आणि ५१२ एमबी असं लिहिलंय. हे नुसत्या के३एससाठी आहे, तुमच्या प्रोग्रामचं वेगळं धरायचं. १ जीबीच्या स्वस्त व्हीपीएसवर सर्व्हर टाकून बघणारे लै असतात, त्यांना एवढंच सांगेन की तो चालू होतो, पण क्लस्टरशी बोलायची क्युबसीटीएलची कमांड दिल्यावर उत्तराची वाट बघत बसायला लागतं. आणि प्रत्येक पॉडला मेमरीची लिमिट घालाच. मशीन छोटं असल्यावर एखादा जावाचा प्रोग्राम फुगला की तो शेजारच्या सगळ्यांना घेऊन बुडतो, लिमिट घातली की फक्त तोच मरून परत उठतो.

आता लाईट. आपल्याकडं जून लागला की काय होतंय ते बेळगाव-खानापूरच्या माणसाला सांगायला नको, एक झाड पडलं की तासन् तास नाही, आणि इन्व्हर्टर ऑफिसचे पंखे-दिवे ओढेल की सर्व्हर ओढेल. उद्यमबागच्या वर्कशॉपच्या मालकांनी हे घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारलेला, "सर, लाईट आल्यावर ह्याचं बटण कोण दाबणार ओ? रात्रपाळीला ऑफिसात कोण नसतंय की." मी म्हटलं, "मालक, कोणच दाबायला नको," आणि यासाठीच मला के३एस आवडतं. लाईट आली, मशीन उठलं, लिनक्समधल्या सिस्टमडीनं के३एस उठवलं, के३एसनं आपली एसक्यूलाइटची फाइल वाचली, काय काय चालू असायला पाहिजे ते त्यात लिहिलेलंच असतंय, आणि एकेक पॉड उभा राहत गेला. एसक्यूलाइट अचानक लाईट जाण्याला चांगलंच तोंड देते, एटसीडी स्वस्तातल्या एसएसडीवर त्या मानानं नाजूक.

पण हे आपोआप होण्यासाठी मशीनची दोन कामं करून ठेवावी लागतात आणि ती कुठल्या गाईडमध्ये नीट लिहिलेली नसतात. बायोसमध्ये पॉवर गेल्यानंतर काय करायचं याचं सेटिंग असतंय, ते ऑनवर ठेवा, नाहीतर लाईट येऊनही मशीन झोपलेलंच. आणि सेकंडहँड मशीनमधला सीआर२०३२चा सेल घेतल्या घेतल्या बदला. कित्येक वर्षं जुना सेल संपलेला असतो, लाईट गेली की बायोसचं सेटिंगही जातं आणि घड्याळ चार-पाच वर्षं मागं जातं. घड्याळ मागं गेलं की के३एसची सगळी सर्टिफिकेटं अजून लागूच झाली नाहीत असं त्याला वाटतं, नोड एकमेकांशी बोलत नाहीत, आणि माणूस नेटवर्कमध्ये चूक शोधत बसतो. एरवी नेट असेल तर वेळ आपोआप जुळते, पण आपल्याकडं लाईटबरोबर फायबरपण जातंय आणि ते लाईटच्या मागनं कधीतरी येतंय. पाय ४ मध्ये तर घड्याळाचा सेलच नाही, त्याला हा त्रास कायमचा. तीस-चाळीस रुपयांच्या सेलमध्ये अख्ख्या क्लस्टरचा जीव अडकलेला असतो, खरंच सांगतोय.

लाईट आल्यावर सगळे एकदम उठतात त्यात आणखी एक गंमत कळायला वेळ लागतो. बिलिंगचा प्रोग्राम डेटाबेसच्या आधी उठला तर तो पडतो, परत उठतो, परत पडतो, आणि कुबरनेटिस दर वेळी जास्त थांबून उठवतं, १० सेकंद, २०, ४० असं वाढत वाढत पाच मिनिटांपर्यंत. म्हणजे डेटाबेस येऊन बसलाय आणि बिलिंग मात्र आपल्या पाळीची वाट बघत थांबलंय. डेटाबेस उत्तर देईपर्यंत थांबणारा छोटा इनिट कंटेनर पुढं लावला की हे मिटतं.

हे झालं सगळंच बंद पडून उठण्याचं. एकच मशीन गेलं तर काय, याचा नीट विचार करा. मशीन गायब झालंय हे कळायला पाऊण मिनिटाच्या आसपास लागतं आणि त्यावरचे पॉड दुसरीकडं हलवायच्या आधी कुबरनेटिस डिफॉल्टला पाच मिनिटं थांबतं. लग्नसराईत साडी दुकानाच्या काउंटरला पाच मिनिटं म्हणजे रांग रस्त्यापर्यंत. डिप्लॉयमेंटमध्ये टॉलरेशनची (पॉड हलवायच्या आधी थांबायची) मुदत ३० सेकंदांवर आणता येते, त्याहून बरं म्हणजे बिलिंगच्या दोन कॉप्या दोन वेगळ्या मशीनवर कायम चालू ठेवायच्या.

आणि आता डेटा. के३एसबरोबर येणारं लोकल पाथ स्टोरेज म्हणजे त्या त्या मशीनच्या डिस्कवरचा एक फोल्डर, एवढंच. पॉडला व्हॉल्यूम (डेटा ठेवायची जागा) दिलं की तो पॉड त्या मशीनला बांधला जातो, मशीन मेलं की पॉड पेंडिंगमध्ये लटकतो, दुसऱ्या मशीनवर जागा रिकामी असली तरी जाऊ शकत नाही, कारण त्याचा डेटा तिकडं नाहीच. यात के३एसची चूक कायच नाही, ते असंच बनवलंय आणि लिहिलंयही. यावर लोकं लाँगहॉर्न सुचवतात, तेही रँचरवाल्यांचंच, प्रत्येक लिहिलेल्या ब्लॉकच्या कॉप्या दोन-तीन मशीनवर ठेवतं. चांगली वस्तू आहे, पण ८ जीबीचं मशीन, एकच एसएसडी आणि साधा गिगाबिट स्विच यावर ते मला जड वाटलं, आणि सगळीच मशीन एकदम लाईट जाऊन पडली की उठल्यावर कॉप्या परत जुळवायला त्याला बराच वेळ लागतो, आणि आपल्याकडं तर हाच प्रकार नेहमीचा.

म्हणून आमच्याकडं पोस्टग्रेस हा डेटाबेस क्लस्टरच्या बाहेर आहे, त्या जुन्या डेस्कटॉपवर साधा सिस्टमडीखाली, त्याला स्वतःचा वेगळा यूपीएस, रोज रात्री डंप (डेटाबेसची पूर्ण कॉपी) घेऊन बेंगळुरूच्या व्हीपीएसवर, आणि तो डंप अधूनमधून दुसऱ्या मशीनवर खरोखर उघडून बघायचा. जुन्या पद्धतीचं वाटेल, पण व्यापाऱ्याच्या वर्षभराच्या हिशेबाशी खेळायचं नसतंय. प्रोग्राम काय, इमेज ओढली की दहा वेळा उभा राहील, आणि तेवढ्या कामात के३एसला तोड नाही. नवीन व्हर्जन टाकताना जुना पॉड नवीन तयार होईपर्यंत चालू राहतो, बिघडलं तर एका कमांडमध्ये मागचं व्हर्जन परत. हे पूर्वी आम्ही रात्री दुकान बंद झाल्यावर करायचो, आता दुपारी करतो, काउंटरवरच्या माणसाला कळतही नाही.

हाय अव्हेलेबिलिटीच्या मोहात पडणाऱ्यांसाठी एक. के३एसमध्ये एटसीडी आतच आहे, तीन सर्व्हर केले की त्यातला एक गेला तरी कारभार चालू राहतो. पण दोनच सर्व्हर करून हाय अव्हेलेबिलिटी झाली समजणारे मी बघितलेत. एटसीडीला बहुमत लागतं, दोनात बहुमत म्हणजे दोन्ही, त्यामुळं एक गेला की कंट्रोल प्लेन ठप्प, म्हणजे एका सर्व्हरपेक्षा धोका वाढलाच. करायचं तर तीन करा, नाहीतर एकच. आम्ही एकच सर्व्हर एसक्यूलाइटवर ठेवलाय, बाकीचे एजंट. सर्व्हर बंद पडला तरी एजंटवर चालू असलेले पॉड चालूच राहतात, फक्त नवीन काही हलत नाही. एक खाच मात्र आहे, कोअरडीएनएसचा पॉड डिफॉल्टला एकच असतो आणि तो नेमका सर्व्हरवरच बसलेला असेल तर पॉड जिवंत असूनही एकमेकांची नावं त्यांना सापडत नाहीत. त्याच्या दोन कॉप्या करून ठेवा.

उद्यमबागला आम्ही वेगळंच केलंय. टिळकवाडीच्या क्लस्टरचा एजंट तिथं वायरगार्ड या व्हीपीएननं जोडता आला असता, फ्लॅनेलला वायरगार्डचा पर्याय आहेच, पण नेट गेल्यावर वर्कशॉप थांबता कामा नये, लेथवरचा माणूस जॉब कार्ड भरायला फायबरची वाट बघणार नाही. म्हणून तिथं एका मिनी पीसीवर स्वतंत्र एक नोडचं के३एस, डेटाबेससकट सगळं तिथंच, आणि नेट असेल तेव्हा फ्लक्स नावाचं टूल गिटमधनं नवीन सेटिंग ओढून घेतं. नेट नसलं तर कायच बिघडत नाही, जुनं आहे तसं चालतं. आमच्यासारख्या दोन-तीन माणसांना ठिकठिकाणची मशीन सांभाळायची तर ही पद्धत सोन्यासारखी आहे, प्रत्येक ठिकाणी गाडी काढून जायला लागत नाही.

नेट हळू असलेल्या ठिकाणी इमेजचा आकार बघा. जीबीभर इमेज खानापूरच्या पुढं कुठं मोबाईल डेटावर ओढायची म्हणजे दिवस जातो. के३एसच्या एजंट फोल्डरमध्ये इमेजेस नावाचा फोल्डर करून त्यात इमेजची टार फाइल पेन ड्राइव्हनं नेऊन टाकली की के३एस ती सुरू होताना उचलतं, नेटची गरजच नाही. एकाच ठिकाणी जास्त मशीन असतील तर २०२४ पासून आतच आलेली एम्बेडेड रजिस्ट्री चालू करा, एका मशीननं ओढलेली इमेज बाकीची त्याच्याकडनंच घेतात.

सुरक्षेचं थोडक्यात पण मनावर घ्या. व्हीपीएसवर टाकताना के३एसचा ६४४३ पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवू नका आणि फ्लॅनेलचा यूडीपी ८४७२ तर अजिबात नाही, तो उघडा म्हणजे तुमच्या आतल्या नेटवर्कचंच दार उघडं. क्युबकॉन्फिग फाइल (क्लस्टरची किल्लीच ती) डिफॉल्टला फक्त रूटला वाचता येते, कमांड चालत नाही म्हणून तिची परमिशन सगळ्यांना उघडी करू नका, स्वतःच्या युजरला वेगळी कॉपी घ्या. सीक्रेट (कुबरनेटिसमध्ये ठेवलेले पासवर्ड वगैरे) डिफॉल्टला डिस्कवर एन्क्रिप्ट होत नाहीत, त्याचा पर्याय वेगळा द्यावा लागतो.

दुसरे पर्याय म्हणाल तर, एकच मशीन आणि दोन-चार कंटेनर असतील आणि ठिकाणही एकच असेल तर डॉकर कंपोज पुरे, उगाच के३एस शिकत बसू नका. कॅनॉनिकलचं मायक्रोके८एस चांगलंय पण ते उबुंटूच्या स्नॅप पॅकेजनं येतं आणि स्नॅपचं स्वतःहून अपडेट होणं मला दुकानाच्या मशीनवर नको वाटतं. नोमॅड साधं आहे, पण २०२३ मध्ये हॅशिकॉर्पनं लायसन्स बदललं आणि आपल्याकडं ते येणारा माणूस मिळणंही अवघड. कुबरनेटिस येणारी पोरं बेळगावात मिळतात, के३एसवर शिकलेलं पुढं बेंगळुरू-पुण्याला नोकरीत जसंच्या तसं उपयोगी पडतं, हा फायदा मी मोठा धरतो.

एक स्टार कापला तो सर्टिफिकेटसाठी. के३एसची आतली सर्टिफिकेटं वर्षभराची असतात आणि मुदत संपत आली असताना के३एस रीस्टार्ट झालं तरच आपोआप नवीन होतात. ज्याच्याकडं चांगला यूपीएस आहे आणि मशीन वर्षभर बंदच पडलं नाही त्याचं एके दिवशी क्युबसीटीएल बंद, आणि कारण पटकन कळत नाही. छोट्या दुकानांसाठी बनवलेल्या वस्तूनं हे स्वतः करायला पाहिजे होतं. आम्ही दर एप्रिल-मेमध्ये, पाऊस लागायच्या आत, अपग्रेडच करतो, त्यात रीस्टार्ट होऊन सर्टिफिकेटचं कामही निघून जातं. अपग्रेड करताना मायनर व्हर्जन एकेकच चढायचं, उड्या मारायच्या नाहीत, आधी सर्व्हर आणि मग एजंट. त्याच्याही आधी के३एस थांबवून सर्व्हरच्या फोल्डरमधला डीबी फोल्डर आणि टोकनची फाइल दोन्ही मशीनच्या बाहेर कॉपी करा. टोकन विसरू नका, ते नसलं की नुसत्या डीबीच्या बॅकअपवरनं नवीन मशीनवर क्लस्टर परत उभं करताना अडकून बसाल.